आयनोबाईंचा केक

दोहा, शुक्रवार, संध्याकाळ

फिनलंडच्या पार उत्तरेला, तळ्याकाठच्या त्या चार घरांच्या गावात आम्ही सुट्टीत आयनोबाईंकडे उतरलो होतो. म्हाताऱ्या, एकट्या. सकाळी आमच्यासाठी केक केला होता त्यांनी. नवरा म्हणाला, "यल्ला, चला, अजून तीन गावं बघायचीयत." केक न खाताच निघालो. ती तीन गावं आता आठवतही नाहीत.

आज जेवताना लेकीने विचारलं, "आई, व्हाय डिडन्ट वी ईट हर केक?"

नवऱ्याला कशाला दोष देऊ, गाडीत आधी जाऊन बसले ती मीच. केक तसाच टेबलावर.

शेवटी आयनोबाईंना मेसेज करून माफी मागितली. लगेच उत्तर आलं. केकबद्दल एक शब्द नाही. एवढंच विचारलंय, "मुलीचा खोकला बरा झाला का?"