यंदाचं भरीत मीच ठेचणार

३ नोव्हेंबर १९६८, रविवार
डाव्या हाताने लिहितो आहे. मुद्दाम. दोन्ही हात चालते पाहिजेत. श्रावणात उजव्या अंगावरून वारं गेलं, त्याला डॉक्टर पॅरालिसिस म्हणतात. तरुण डॉक्टर, मोठे शब्द वापरणारच. माझ्या मते हात झोपला आहे. सावद्याला केळीच्या वॅगनी भरून घेण्यात जन्म गेला, हाताला रजा कधी दिली नाही. आता घेतोय बिचारा.
संकल्प: चंपाषष्ठीनंतरच्या रविवारी जुन्या दोस्ताच्या, कौतिकच्या मळ्यात भरिताची पार्टी. वीस वर्षं मीच ठेचतो. यंदाही मीच. तोवर हात जागा करायचा.

७ नोव्हेंबर
डॉक्टरांनी रबरी चेंडू दाबायला दिला. दाबला. दबला नाही. माल कडक आहे. धुरपदाला दाखवला, तिने दोन बोटांनी दाबला. बायकोला मदत मागू नये ती यासाठीच.

१२ नोव्हेंबर
मीठ बंद आहे. अळणी वरणाची सवय झाली, आता फरकही कळत नाही. प्रकृती काटक असली की असं होतं.
घास धुरपदा भरवते. दार लावून. हे केवळ वेळ वाचावा म्हणून. डाव्या हाताने जेवणं शोभत नाही आणि उजव्याला उगाच घाई नको. आमच्या चुडामणला आणि सूनबाईला यातलं काही माहीत नाही. बाहेर तर कुणालाच नाही.

१७ नोव्हेंबर, रविवार
कौतिक आला. पार्टीचा विषय काढला तर थंडीबद्दल बोलू लागला. शेवटी म्हणाला, नाना, यंदा तुम्ही खाटवर बसा, चुडामण ठेची लेई.
डाव ओळखला. हाच माणूस दर वर्षी पहिल्या घासाला, मीठ चुकनं नाना, म्हणून माझं नाक कापतो. जळतो. त्याला स्पष्ट सांगितलं, ठेचणार मी, मीठ घालणार मी आणि नियमही तोच राहणार. ठेचणाऱ्याने पहिला घास घेतल्याशिवाय पंगतीने पानाला हात लावायचा नाही. हा नियम माझाच. कौतिक वाढपाआधीच सुरू व्हायचा, म्हणून घातलेला.
तो वाद न घालता बरं म्हणाला. जिंकलो.

२३ नोव्हेंबर
माळ्यावरून बडगी काढली, भरीत ठेचायचं लाकडी पात्र. लाकूड अजून तेलकट आहे. षष्ठीआधी घरात वांगं येत नाही, म्हणून उकडलेल्या बटाट्यांवर सराव. मुसळी उजव्या हातात दिली. ती पायावर पडली. पाय उजवाच, त्यामुळे फारसं लागलं नाही. आजाराचे फायदेही असतात, पण लोक नुसते रडतात.

३० नोव्हेंबर
तयारी पूर्ण. कोट, टोपी. मीठ रुमालात बांधून कोटाच्या खिशात ठेवलं, कौतिकच्या हाती लागायला नको. धुरपदाने विचारलं, ठेचण्याचं होईल, जेवणाचं काय? ऐकू आलं नाही असं दाखवलं.

१ डिसेंबर, रविवार, संध्याकाळ
टांग्याने मळ्यात गेलो. मेहरूण तलावाच्या थोडं पुढे. काड्यांच्या जाळावर वांगी भाजली. धुरपदाने सोलून बडगीत घातली आणि पाठमोरी बसून बराच वेळ काहीतरी करत राहिली. मग बडगी माझ्यापुढे आली. मुसळीला चुडामणने नुसता हात लावला होता. चार ठोके, भरीत तयार. यंदाची वांगी फारच मऊ.
पंगत बसली. केळीची पानं, कळण्याची भाकरी, भरीत. वाढून झालं तरी कुणी जेवेना. कशाला थांबलेत ते कळेना. मग माझाच नियम आठवला.
सगळे मांडीवर हात ठेवून माझ्याकडे बघत होते. उजव्या हाताला म्हटलं, ऊठ. मनातल्या मनात पुष्कळ म्हटलं. पानाच्या कडेपर्यंत आला आणि तिथंच राहिला. डावा उचलला, परत ठेवला. मला भूक नाही, तुम्ही सुरू करा, असं म्हणायचं होतं.
बायका लांब बसल्या होत्या. त्यांच्यातून धुरपदा उठली. डोक्यावर पदर ओढून सगळ्या पुरुषांमध्ये येऊन माझ्या शेजारी बसली. घास केला. आ करा, म्हणाली. इतक्या वर्षांच्या संसारात चारचौघांत ती माझ्याशी धड बोललेलीही नाही. मी आ केला. मेल्याहून मेल्यासारखं झालं.
मग पंगत जेवू लागली. कौतिक म्हणाला, नाना, भरीत झकास शे.
वीस वर्षांत पहिल्यांदा कबूल केलं. म्हणजे हात सुधारतो आहे.

२ डिसेंबर
धुरपदाने कोट धुवायला काढला. खिशात रुमाल निघाला. गाठ तशीच. मीठ सगळं आत.
मला कळलं नाही ते ठीक, माझी जीभ अळणीला सरावली आहे. पण एवढी माणसं जेवली. कुणी चिमूटभर मीठ मागितलं नाही. कौतिकने तर दोनदा भरीत मागून घेतलं.
त्याने मला नावं ठेवायला हवी होती.
आज चेंडू दाबला नाही.