तिसरं नाव

बाबा,

जत्रेच्या सकाळी तुम्ही देवळात गाऱ्हाणं घालत होतात आणि मी "व्हय म्हाराजा" म्हटलं नाही, तिथून माझं सगळं फिरलं. गाऱ्हाणं घालायचा मान आपल्या घराचा, होकार गावानं द्यायचा. पाऊस, पीक, गुरंढोरं मागून झाली, गाव दणदणून "व्हय म्हाराजा" म्हणालं. मग इटलीच्या लढाईत तुमच्याबरोबर गेलेल्या, परत न आलेल्या तिघांची तुम्ही नावं घेतलीत. "तेंका तुझ्या पायाकडे जागो दी रे म्हाराजा!"

कुणी बोलेना. मागून एकजण म्हणाला, "इंग्रजासाठी मेले ते. देवाक कित्याक तरास?" लोक हसले. इंग्रज जाऊन तेव्हाच किती वर्षं झाली होती, तरी त्या लढाईवरून गावात दोन तट: बेचाळीस साली तुरुंगात गेलेले गुरुजी आणि सगळे एकीकडे, तुम्ही एकटे दुसरीकडे. तुम्ही माझ्याकडे बघितलंत. मी खांबाला टेकून उभा. साम्राज्यशाहीवर कॉलेजात भाषणं ठोकलेला मी, पण खरं सांगतो, तेव्हा डोक्यात देश नव्हता. गुरुजींची मुलगी बायकांत उभी होती. तिच्यासाठीच तर कोल्हापूरचं कॉलेज अर्ध्यावर टाकून आलो होतो. तुम्ही पुन्हा नावं घेतलीत. मग हळूच, स्वतःच म्हणालात, "व्हय म्हाराजा." गाऱ्हाणं घालणाऱ्यानं ते म्हणायचं नसतं.

घरी पेज जेवताना भांडणही मीच काढलं. "गेलात कशाला त्यांच्या पलटणीत?" तुम्ही वाडगा बाजूला सारलात. "माझ्यार राग आसा तर माझ्यार काढ रे झिला. मेलेल्यांका खंयचो इंग्रज?" पुन्हा ती नावं तुम्ही देवळात घेतली नाहीत. दोन वर्षांत गेलात. गुरुजींच्या मुलीचं लग्न त्याआधीच वेंगुर्ल्याला झालं. त्या सकाळी तिनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नव्हतं.

आता मान माझ्याकडे. इतकी वर्षं पाऊस मागतो, पीक मागतो, मग जरा अडखळतो आणि नारळ ठेवतो. आज पुन्हा जत्रा; आज त्या तिघांसाठी मागणार आहे. गाव गप्प राहिलं तर तुमच्यासारखं मीच म्हणेन. पण बाबा, दोनच नावं आठवतात. तिसरं काही केल्या येत नाही. बंदराकडे त्याची बहीण एकटी राहते; मी विसरलो, हे तिलाच सांगून विचारायला हवं. देवळात ढोल सुरू झाला. कागद तुमच्या ट्रंकेत ठेवतो, दार ओढून घेतो, आणि आधी तिच्याकडे जातो.