चौथ्या बाजाराला ये

मोलगीच्या आठवडी बाजाराचा दिवस, संध्याकाळ

आज आमच्या फिरत्या दवाखान्यात तपासणीच्या बाकड्यावर बसायला जागा उरली नाही. गेल्या महिन्यापर्यंत ते बाकडं रिकामंच असायचं. सिकलसेलच्या गोळ्या संपल्या तरी बाया परत येत नव्हत्या, आणि मी ठरवून टाकलं होतं की यांना पर्वाच नाही. आमचं ॲप प्रत्येकीला तारीख पाठवत होतं ना! आमची नर्स जमना इथल्याच पाड्यावरची. गेल्या महिन्यात गोळ्या देताना तिने मला न विचारता सगळ्यांना सांगितलं, ‘चौथ्या बाजाराला ये.’ आल्या. सगळ्या.

काम आटोपल्यावर मी जमना आणि ड्रायव्हर भिकाभाऊ, दोघांचे आभार मानायला बसले. भिकाभाऊ म्हणाला, ‘ताई, तारीख कोन ध्यानमा ठेवस? बाजार ध्यानमा ऱ्हास.’ जमना एवढंच म्हणाली, ‘आभार राहू द्या मॅडम, ती तारीख काढा.’

राग आला का मला? आला थोडा. दोन वर्षं ती माझ्यासोबत डोंगर चढतेय, आणि बाया का येत नाहीत, हे मी तिला एकदाही विचारलं नाही.

उद्या सकाळी पहिलं काम, ॲपमधली तारीख काढायची. तिच्या जागी काय लिहायचं ते जमना सांगेल, मी टाइप करीन. आणि आणखी एक बाकडं आणायचं.