उजव्या पंखाचा ढिला धागा

रविवार, संध्याकाळचे सात.

सापडलं! धागा निर्दोष हाय. आणि मी तीन दिवस त्यालाच शिव्या घालतोय.

जुन्या विमानाचं मॉडेल, एकावर एक दोन पंख आणि त्यांच्यामध्ये ताणलेले धागे. डावीकडचे बोटानं छेडले की तुणतुण वाजतात. उजवीकडचा एक मात्र ढिलाच. तीनदा बदलला. माझा हात चुकेल? शिरोलीच्या फाउंड्रीत तीस वर्षं ओतकामाच्या साच्यांसाठी लाकडी पॅटर्न केलेत की मी!

आज टेबल पुसताना बायकोनं विचारलं, "ह्या दोन मापाच्या पट्ट्या सारख्या का न्हाईत वो?"

बघतो तर एक फाउंड्रीतली. लोखंड गार होताना आकसतं, म्हणून तिच्यावरचा सेंटिमीटर मुद्दाम जरा मोठा. उजवीकडचा वरचा पंख मी तिनंच मापलेला. तीन मिलिमीटर जादा! म्हणून वरखालची भोकं जुळत न्हाईत, एक धागा ताणला की शेजारचा ढिला पडतोय.

"विमान काय लोखंडात वतणार हाय व्हय?" म्हणाली आणि हसत सुटली.

उद्या नवा पंख कापतो. धागा तोच ठेवणार. तो बिचारा पहिल्यापासून खरं सांगत होता. मी रिटायर झालो, हात अजून कामावर जातोय.