गळ्याचं माप

चिमे,

तुझा कॉलरचा ड्रेस अजून दुकानातल्या खुंटीवरच आहे. पंखा लावला की त्याची बाही हलते आणि मी पंखा बंद करते.

चार महिन्यांत तीनदा मी त्याची कंबर आत घेतली आणि दोनदा गळा सैल केला. तू म्हणालीस, "ताई, खाते बकासुरासारखी, पण मेलं अंगालाच लागत नाही!" मी तोंडात टाचण्या धरून हसले. शिंपिणीची खोड ही, अंग बदललं की कापड बदलून मोकळं व्हायचं. तुझ्या थरथरत्या हातांनी बटण लागेना, तेही मीच लावलं.

मग तो ताप आला. तू घामाने निथळत होतीस आणि मला आई समजून बडबडत होतीस. इस्पितळात डॉक्टरीणबाईंनी तुझ्या गळ्याला हात लावला आणि त्यांचा चेहराच बदलला. "थायरॉइड उसळलाय, जिवावरचं आहे," म्हणत त्यांनी तो रोखायच्या गोळ्या नळीतून दिल्या, धडधड आवरायचं इंजेक्शन दिलं, अंगभर गार पट्ट्या ठेवल्या. पण हृदय थकलं होतं. संध्याकाळी तू गेलीस.

त्या धावपळीत त्यांनी मला विचारलं होतं, "गळा कधीपासून सुजलाय?"

"लक्षात नाही आलं," मी म्हणाले.

चिमे, मापांची वही माझ्या पिशवीतच होती. तारखांसकट.

हे पत्र वहीतल्या तुझ्याच पानात ठेवणारी,
ताई