आतली कडी

चि. धाकटीस,

काल तुझ्या खोलीच्या दाराला मी आतून कडी बसवली. वरातीमागून घोडं म्हण हवं तर.

मी गवंडी. हे घर स्वतःच्या हातांनी बांधलं आणि आतल्या एकाही दाराला कडी ठेवली नाही. घरच्या माणसांत कसला आडपडदा, असं चारचौघांत मिरवायचो. तू कडी मागितलीस तेव्हा म्हणालो, "असं काय लपवायचंय तुला?" महिन्याभरात घर सोडून गेलीस, त्याला आता सहा वर्षं झाली.

कडी बसवून झाली तशी तुझी आई आली. तिने ती दोनदा लावून-उघडून पाहिली. मग म्हणाली, "अहो, जरा बाहेर व्हा." मी बाहेर आलो आणि तिने आतून कडी घातली. मला वाटलं, आता रडेल. पण ती हळू आवाजात गाऊ लागली. लग्नाला चौतीस वर्षं झाली, ती गाते हे मला ठाऊक नव्हतं.

मी दाराबाहेर जमिनीवरच बसून राहिलो.

तुझा पत्ता तिच्याकडे आहे. मागायचं धाडस होत नाही.

तुझा,
बाबा