खिळ्यावरची रोटी

प्रिय आई,

तुला आणि तुझ्या तंदूरच्या धगीला कोकंदहून सलाम.

हाताची काळजी करू नकोस, झुमराद चावली होती ती जखम भरली. अनाथालयातून माझ्याकडे येण्याआधी तिची तीन घरं सुटली. मी बाजाराला निघाले की तिला वाटायचं, हीसुद्धा गेली! मग ताटं फुटायची. परत आले की दिवसभर माझ्याकडे पाठ.

अनाथालयाकडून तपासणीला येणाऱ्या बाई म्हणाल्या, "तिला न सांगता गुपचूप निघत जा." मी कसली ऐकते, तुझीच लेक ना!

मला आपल्या भिंतीवरचा खिळा आठवला. दादा फौजेत निघाला, तेव्हा तू त्याला रोटीचा एक घास घ्यायला लावलास आणि उरलेली तो परतेपर्यंत टांगून ठेवलीस. मीही निघताना रोटीला चावा घेऊन ती झुमरादकडे द्यायला लागले. "उरलेली मी येऊन खाणार. उंदराला दिलीस तर बघ!"

पहिल्यांदा तिने ती कुस्करून फेकली. हल्ली मात्र छातीशी धरून दाराशी बसते.

आज तिच्या शाळेचा पहिला दिवस. रडू मलाच येत होतं. फाटकापर्यंत गेलेली पोर धावत माघारी आली, घरातली रोटी घेऊन तिचा भलामोठा लचका तोडला आणि उरलेली माझ्या हातात कोंबली. भरल्या तोंडाने म्हणाली, "खाऊ नकोस हं, आपा. आणि रडूबिडू नकोस, मी येणारच आहे."

गुडघ्यांना तेल लावतेस ना? दादा कसा आहे? चहा कधीचा उकळतोय, पण उठवत नाही. रोटी मांडीवर घेऊन दाराशी बसले आहे.

तुझी,
मावजुदा